चयापचयातील आम्लांचा साठा, आकडी आणि मेंदूची झीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मतः ठणठणीत असलेले बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध ओढेनासे होते, मलूल पडते, भराभर श्वास घेऊ लागते आणि मग त्याला आकडी येते. अशा बाळांपैकी थोड्यांच्या बाबतीत निदान होते ते सेंद्रिय आम्लांच्या विकाराचे, म्हणजे ऑर्गॅनिक ॲसिडेमियाचे. हे विकार दुर्मिळ आहेत, पण ओळखण्यात गेलेला प्रत्येक तास मेंदूच्या हिशेबात मोजला जातो. पालक, नातेवाईक आणि वैद्यक शाखेचे विद्यार्थी यांच्याकडून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. मुख्य उदाहरण म्हणून मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमिया हा विकार घेतला आहे, कारण आम्ल, आकडी आणि ऑक्सिडेटिव्ह हानी यांची साखळी त्यात बरीच तपशीलवार अभ्यासली गेली आहे.

शरीरात आम्ल साठते म्हणजे नेमके काय होते? पित्त वाढण्याशी याचा संबंध आहे का?

काहीही संबंध नाही. आपण ज्याला बोलीभाषेत ‘ॲसिडिटी’ किंवा पित्त म्हणतो, ते जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याचा त्रास अन्नमार्गापुरता राहतो. येथे ज्या आम्लांची चर्चा आहे ती पेशींच्या आत, अन्नाचे ऊर्जेत रूपांतर होत असताना तयार होतात. वरण, दूध, अंडी यांतील प्रथिनांचे विघटन होऊन अमिनो आम्ले सुटी होतात आणि शरीराला त्यांची लगेच गरज नसेल, तर ती पुढे टप्प्याटप्प्याने तोडली जातात. प्रत्येक टप्प्यावर एक ठरावीक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. एखादे विकर जन्मतः सदोष असेल, तर त्याच्या आधीच्या टप्प्यावरचा माल तुंबतो आणि आडवाटांनी वेगवेगळ्या आम्लांच्या रूपात रक्तात, लघवीत आणि मेंदूत साठू लागतो.

मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियात हे तुंबणे कुठे होते ते पाहू. व्हॅलिन, आयसोल्यूसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन ही चार अमिनो आम्ले, विषम संख्येने कार्बन असलेली मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉलची बाजूची साखळी या सगळ्यांची वाट प्रोपिओनिल-कोए या रेणूपाशी एकत्र येते. त्यापासून मिथाइलमॅलोनिल-कोए बनते आणि शेवटी सक्सिनिल-कोए तयार होऊन ते पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या क्रेब्ज चक्रात शिरते. हे शेवटचे पाऊल मिथाइलमॅलोनिल-कोए म्यूटेज हे विकर उचलते आणि त्यासाठी त्याला जीवनसत्त्व बी-१२ चे एक विशिष्ट रूप सोबतीला लागते. विकर सदोष असो किंवा बी-१२ चे ते रूप बनवणारी यंत्रणा, दोन्ही वेळा मिथाइलमॅलोनिक आम्ल साठते. या विकाराची पहिली वर्णने १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली.

या गटात आणखी कोणते आजार येतात?

प्रोपिओनिक ॲसिडेमिया हा याच वाटेवरचा, एक टप्पा अलीकडचा विकार आहे. आयसोव्हॅलेरिक ॲसिडेमियात ल्यूसिन या अमिनो आम्लाची वाट अडते. ग्लुटारिक ॲसिड्युरिया प्रकार १ मध्ये लायसिन आणि ट्रिप्टोफॅन यांचे विघटन अर्धवट राहते. त्याचे वर्णन १९७५ मध्ये झाले. मेपल सिरप युरिन डिसीझ हाही जवळचा नातलग आहे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असला, तरी मेंदूला इजा होण्याची रीत बरीचशी सारखी आहे.

म्हणजे रक्त आंबट झाले की आकडी येते, असे समजायचे का?

नाही, आणि या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. रक्ताची किंवा मेंदूतील द्रवाची आम्लता वाढली, म्हणजे पीएच उतरला, की चेतापेशींची उत्तेजना साधारणपणे कमी होते. हायड्रोजनचे सुटे आयन, चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचा संदेश घेणाऱ्या एनएमडीए ग्राहींना मंद करतात, आणि उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की आम्लता ओळखणारी काही आयनद्वारे आकडी थांबवायला मदत करतात. उलट बाजूचा पुरावा तर मेंदूचा आलेख काढण्याच्या खोलीत रोज दिसतो. ॲबसन्स प्रकारच्या, म्हणजे काही क्षण भान हरपणाऱ्या, आकडीचा संशय असलेल्या मुलाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात. त्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि अनेक मुलांना तेवढ्यातच झटका येतो.

मग सेंद्रिय आम्लांच्या विकारांत आकडी का येते, तर ती आम्लाच्या आंबटपणामुळे नव्हे, त्या विशिष्ट रेणूंच्या विषारी वागणुकीमुळे येते. हा फरक शब्दच्छलाचा नाही, त्यावर उपचार अवलंबून असतात. सलाईनमधून सोडियम बायकार्बोनेट देऊन रक्ताचा पीएच सुधारला, आकडा कागदावर चांगला दिसू लागला, तरी तुंबलेले रेणू पेशींत तसेच असतात आणि मेंदूचे नुकसान चालूच राहू शकते. पीएच फारच घसरला तर हृदयाचे आकुंचन दुबळे होते, म्हणून तो सावरावा लागतो हे खरे. पण त्यावर समाधान मानून थांबणे धोक्याचे आहे.

साठलेले रेणू आकडी कशी घडवून आणतात?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरते त्यापैकी जवळजवळ २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो. या इंधनाचा मोठा वाटा एकाच कामावर खर्च होतो : पेशीत शिरलेले सोडियम बाहेर आणि बाहेर गेलेले पोटॅशियम आत ठेवणाऱ्या सोडियम-पोटॅशियम पंपावर. हा पंप चालला तरच चेतापेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब टिकतो आणि ती शांत राहते.

प्रोपिओनिल-कोए आणि त्याच्यापासून बनणारे २-मिथाइलसायट्रेट हे रेणू मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतील, क्रेब्ज चक्राच्या आणि श्वसनसाखळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांना खीळ घालतात. मिथाइलमॅलोनिक आम्लाबद्दल आधी असे मानले जात होते की ते सक्सिनेट डिहायड्रोजनेज या विकराला थेट अडवते. नंतरच्या अभ्यासांनी या चित्रात दुरुस्ती केली : थेट अडथळा प्रामुख्याने मॅलोनेट आणि २-मिथाइलसायट्रेट यांच्याकडून येतो, तर मिथाइलमॅलोनिक आम्ल सक्सिनेटला मायटोकाँड्रियात शिरण्याच्या वाटेवरच रोखते. वाट कोणतीही असो, पेशीचे इंधन असलेल्या एटीपी या रेणूची निर्मिती घटते, आणि एटीपी घटले की पंप मंदावतो.

यापुढची घसरण वेगवान असते. पंप मंदावल्याने आवरणावरचा विद्युतदाब हळूहळू ढासळतो. एनएमडीए ग्राहीच्या तोंडाशी एरवी मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा बसलेला असतो. विद्युतदाब ढासळला की हे बूच निघून जाते. त्यामुळे मेंदूत नेहमी असते तेवढेच ग्लुटामेटसुद्धा आता जास्त ठरते आणि कॅल्शियम पेशीत लोटू लागते. दुसरीकडे, आजूबाजूचे ग्लुटामेट गोळा करून जागा साफ ठेवणाऱ्या तारापेशींनाही, म्हणजे चेतापेशींच्या साहाय्यक पेशींनाही, ऊर्जा कमी पडते, म्हणून ग्लुटामेट तिथेच रेंगाळते. त्याच वेळी मेंदूचा लगाम असलेले गाबा हे रसायन कमी पडू लागते, कारण ग्लुटामेटपासून गाबा बनवणाऱ्या विकरावरही यांतील काही आम्लांचा दाब पडतो. वेग वाढलेला आणि लगाम सैल झालेला, अशा स्थितीत चेतापेशींचे गटच्या गट एकाच तालात पेटतात. बाहेरून आपल्याला दिसते ती आकडी.

ग्लुटारिक ॲसिड्युरियात आणखी एक भर पडते. तिथे साठणाऱ्या आम्लांची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती असते, त्यामुळे ग्लुटामेटच्या व्यवहारात थेट ढवळाढवळ होण्याची शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे. हा परिणाम प्रत्यक्ष रुग्णात किती मोठा असतो, यावर मात्र त्यांच्यात एकमत नाही.

ऑक्सिडेटिव्ह हानी म्हणजे काय आणि ती या साखळीत कुठे येते?

मायटोकाँड्रियाच्या श्वसनसाखळीतून इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर दिले जातात आणि शेवटी प्राणवायूशी जुळून पाणी बनते. ही वाट मध्येच अडली, तर इलेक्ट्रॉन मागे तुंबतात आणि काही वेळेआधीच प्राणवायूला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड, पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाच्या सान्निध्यात अतिशय आक्रमक असा हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल) तयार होतो. शिवाय पेशीत घुसलेले कॅल्शियम नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला जागे करते, आणि नायट्रिक ऑक्साइड व सुपरऑक्साइड एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी एक घातक रसायन निर्माण होते.

मेंदू या हल्ल्यापुढे विशेष हळवा आहे. त्याच्या पेशींच्या आवरणांत बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात आणि ती लवकर खवट होतात. जुन्या तेलाला येणारा वास आठवला तर ही प्रक्रिया समजायला सोपी जाईल. काही भागांत लोह भरपूर असते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करणारे कॅटॅलेज यकृताच्या मानाने फारच थोडे असते. ग्लुटाथायोन हा पेशीतला मुख्य संरक्षक रेणू अशा वेळी झपाट्याने खर्च होतो.

माझ्या मते या विषयातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची आहे. सोडियम-पोटॅशियम पंपाच्या प्रथिनात गंधकयुक्त असे काही गट असतात आणि ते ऑक्सिडेशनने सहज बिघडतात. ऊर्जेअभावी आधीच मंदावलेला पंप मूलकांच्या माऱ्याने आणखी बिघडतो, त्यातून आकडी वाढते, आकडीत चेतापेशी अधिक प्राणवायू आणि इंधन जाळतात, आणि त्यातून नवे मूलक तयार होतात. आकडी आणि ऑक्सिडेटिव्ह हानी यांपैकी कारण कोणते आणि परिणाम कोणता, असा प्रश्न म्हणूनच इथे टिकत नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. दीर्घकाळ चालणारी आकडी लवकर थांबवण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे सगळे कशावरून कळले?

बरेचसे उंदीर-घुशींवरील प्रयोगांतून आणि वाढवलेल्या चेतापेशींवरून. ब्राझीलमधील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात मिथाइलमॅलोनिक आम्ल टोचले, तेव्हा प्राण्यांना झटके आले आणि त्या भागात मेद व प्रथिने यांच्या ऑक्सिडेशनच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. एनएमडीए ग्राही बंद करणारे औषध, जीवनसत्त्व ई, जीवनसत्त्व क किंवा क्रिएटिन आधी दिले, तर झटके आणि हानी कमी झाली. यातून साखळीचे दुवे पटतात. मात्र एका जागी अचानक टोचलेले आम्ल आणि बाळाच्या सर्व पेशींत जन्मापासून साठत गेलेले आम्ल यांत मोठे अंतर आहे, हे वाचताना विसरू नये.

मेंदूच्या ठरावीक भागांनाच जास्त इजा का होते?

मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियात ग्लोबस पॅलिडस, तर ग्लुटारिक ॲसिड्युरियात कॉडेट आणि पुटामेन (दोन्ही मिळून स्ट्रायटम) हे भाग प्रामुख्याने बळी पडतात. हे सगळे भाग मेंदूच्या खोलवर, हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या बेसल गँग्लिया या समूहात येतात. त्यांची ऊर्जेची भूक मोठी असते, आणि लहान वयात तर ती शिगेला पोहोचलेली असते. या विकारांत रक्तवाहिनी तुंबलेली नसतानाही लकव्यासारखी स्थिती उद्भवते, म्हणून तिला ‘मेटाबॉलिक स्ट्रोक’ म्हणतात. ग्लुटारिक ॲसिड्युरियात अशी इजा मुख्यतः ३ ते ३६ महिन्यांच्या वयात, साध्या तापाच्या किंवा जुलाबाच्या निमित्ताने होते. नंतर मुलाचे हातपाय पिळवटू लागतात. या डिस्टोनियाला अनेकदा आकडी समजले जाते आणि आकडीची औषधे वाढवत नेली जातात. शंका असेल तर ईईजीसोबत, म्हणजे मेंदूच्या आलेखासोबत, व्हिडिओ चित्रण करून दोहोंतला फरक ओळखता येतो.

आणखी एक कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्याचे आहे. दोन कार्बोक्झिल गट असलेली ही आम्ले तो पडदा सहजासहजी ओलांडत नाहीत. ती मेंदूतच तयार होतात आणि तिथेच अडकून पडतात, त्यामुळे रक्तातील पातळी उतरली म्हणून मेंदूतील पातळीही लगेच उतरली असेल, असे धरून चालता येत नाही.

अहवालात अमोनियाही वाढलेला असतो. त्याचा काय संबंध?

साठलेले प्रोपिओनिल-कोए यकृतातील युरिया चक्र चालू करणाऱ्या एका रेणूची निर्मिती रोखते, म्हणून अमोनियाचा निचरा थांबतो. मेंदूत शिरलेला अमोनिया तारापेशींमध्ये ग्लुटामिनच्या रूपात बांधला जातो, त्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि मेंदूला सूज येते. नवजात बाळाची आकडी आणि गुंगी यांत अमोनियाचा वाटा अनेकदा मोठा असतो आणि त्याची पातळी तासातासाला चढू शकते.

जन्माच्या वेळी बाळ व्यवस्थित असते, मग दोन-तीन दिवसांत इतके काय बिघडते?

गर्भात असताना बाळाचा कचरा वारेतून आईकडे जातो आणि आईचे निरोगी विकर तो निस्तरते. नाळ कापली की हा आधार संपतो. वजन घटण्याच्या पहिल्या दिवसांत बाळ स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने मोडते, त्यात दुधातील प्रथिनांची भर पडते आणि दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास साठा धोक्याच्या पातळीला पोहोचतो. उलट्या, दूध न ओढणे, अंग सैल पडणे किंवा ताठरणे, खोल व भरभर श्वास, गुंगी आणि झटके ही लक्षणे दिसतात. रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणेही हुबेहूब अशीच असतात, आणि तो कितीतरी अधिक वेळा होतो, त्यामुळे प्रतिजैविके सुरू करून वाट पाहिली जाते. प्रतिजैविके सुरू करणे योग्यच आहे. फक्त त्याच वेळी रक्तातील अमोनिया, आम्ल-अल्क संतुलन, साखर, लॅक्टेट आणि लघवीतील कीटोन यांची तपासणी मागितली गेली पाहिजे. बाळाला दृष्ट लागली असेल म्हणून घरी थांबण्यात तर मुळीच वेळ घालवू नये.

सौम्य स्वरूपाचे विकार पुढे वर्षभराने, किंवा त्याहूनही उशिरा, आजारपणात अथवा उपासमारीत डोके वर काढतात.

बाळाच्या अंगाला किंवा लघवीला येणाऱ्या वासावरून हे ओळखता येते का?

काही विकारांत येते. आयसोव्हॅलेरिक ॲसिडेमियात घामट मोज्यांसारखा उग्र वास येतो. मेपल सिरप युरिन डिसीझमधील वासाचे पाश्चात्त्य वर्णन मेपलच्या पाकाचे असले, तरी मराठी घरात तो ओळखायचा तर मेथीदाण्यांच्या वासावरून ओळखावा, कारण या वासाला जबाबदार असलेले सोटोलोन हे रसायन मेथीतही असते. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आईने बाळंतपणाच्या सुमारास भरपूर मेथी खाल्ली असेल, तर निरोगी बाळाच्या अंगालाही तसाच वास येऊ शकतो आणि अशा फसगतीची नोंद वैद्यकीय साहित्यात झालेली आहे. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देण्याची रीत आहे, तेव्हा वास जाणवला की आईच्या आहाराची विचारपूस करावी आणि तपासणीही करून घ्यावी. मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियात वासावर विसंबता येत नाही.

निदान नक्की करण्यासाठी कोणत्या तपासण्या लागतात?

रक्ताच्या वाळवलेल्या थेंबावर टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री करून कार्निटिन या वाहक रेणूशी जोडलेली आम्ले मोजतात, आणि लघवीतील सेंद्रिय आम्लांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री वापरतात. जनुकीय चाचणी पुढे निदानावर शिक्कामोर्तब करते. अमोनियाचा नमुना मात्र नाजूक असतो : रक्त मुक्तपणे वाहू देऊन घ्यावे, लगेच बर्फात ठेवावे आणि विनाविलंब प्रयोगशाळेत पोहोचवावे, अन्यथा आकडा खोटाच चढलेला दिसतो. शक्य असेल तर उपचारांआधीचा रक्ताचा आणि लघवीचा नमुना राखून ठेवावा. अहवाल येईपर्यंत उपचार थांबवण्याची गरज नसते.

संकटाच्या वेळी रुग्णालयात कोणते उपचार केले जातात?

पहिले पाऊल म्हणजे विषाचा पुरवठा तोडणे. आहारातील प्रथिने तात्पुरती बंद केली जातात आणि शिरेतून १० टक्के ग्लुकोज, क्षार व आवश्यक तर मेद देऊन शरीराला भरपूर उष्मांक पुरवले जातात, जेणेकरून ते स्वतःचे स्नायू मोडणे थांबवेल. ही दुसरी बाब पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण उपाशी राहिलेल्या बाळाच्या बाबतीत प्रथिनांचा सर्वांत मोठा स्रोत ते स्वतःच असते. प्रथिने २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त काळ बंद ठेवली, तर त्यांच्या अभावानेच स्नायू मोडू लागतात, म्हणून ती वेळेत आणि मोजून पुन्हा सुरू करावी लागतात.

सोबत एल-कार्निटिन दिले जाते. ते साठलेल्या आम्लांना बांधून लघवीवाटे बाहेर काढते. मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियाची शक्यता असेल, तर हायड्रॉक्सोकोबालामिन या स्वरूपातील बी-१२ ची इंजेक्शने दिली जातात, कारण काही रुग्ण त्याला उत्तम प्रतिसाद देतात. अमोनियासाठी कार्ग्लुमिक आम्ल वापरतात, आणि पातळी आटोक्यात येत नसेल तर डायलिसिसचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. दीर्घकाळात, निवडक रुग्णांत यकृताचे किंवा यकृत व मूत्रपिंड दोन्हींचे प्रत्यारोपण केले जाते. त्याने संकटे खूप कमी होतात, तरी मेंदूतील निर्मिती चालू राहत असल्याने धोका पूर्णपणे संपत नाही.

आकडी थांबवण्यासाठी नेहमीची औषधे चालतात का?

व्हॅल्प्रोएट हे सर्रास वापरले जाणारे औषध या मुलांमध्ये टाळले जाते. ते शरीरातील कार्निटिन घटवते आणि अमोनिया वाढवते, म्हणजे ज्या दोन बाजू आधीच लंगड्या आहेत त्यांवरच घाव घालते. लेव्हेटिरासेटाम हा त्यामानाने सोयीचा पर्याय मानला जातो. निवड अर्थातच मुलाच्या डॉक्टरांनी करायची आहे, पण अनोळखी रुग्णालयात नेण्याची वेळ आली तर ‘याला व्हॅल्प्रोएट देऊ नका’ हे वाक्य पालकांनी स्वतःहून सांगावे. उपचारांची रूपरेषा आणि नेहमीच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक असलेले एक पत्र सतत जवळ बाळगणे सर्वांत हिताचे.

घरीच आकडी आली तर काय करावे?

मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. कांदा फोडून हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे यांपैकी काहीही करू नये; त्याने आकडी थांबत नाही आणि इजा मात्र होते. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेला मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा द्यावा. ज्या मुलाला हा विकार असल्याचे माहीत आहे, त्याला झटका आपोआप थांबला तरी रुग्णालयात नेऊन रक्त तपासावे.

इथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. कोणत्याही मोठ्या आकडीनंतर रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढलेले आढळते, कारण स्नायू जोरात आकसलेले असतात. साधारण तासा-दीड तासात ते उतरू लागते. तेवढ्या एका अहवालावरून मुलाला चयापचयाचा विकार आहे, असा निष्कर्ष काढू नये. आकडीनंतर बराच वेळ आम्लता टिकून राहिली, तर मात्र शोध घेतला पाहिजे.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी मेंदू वाचेल का?

प्रयोगशाळेतील निष्कर्ष आशादायक आहेत, आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियात डोळ्यांच्या चेतातंतूंना इजा होत असेल, तर काही केंद्रांत कोएन्झाइम क्यू-१० व जीवनसत्त्व ई दिले जाते. परंतु या गोळ्यांनी मुलांमधील आकडी किंवा मेंदूची हानी टळते, हे सिद्ध झालेले नाही. मूलक तयार होण्याचे मूळ तुंबलेल्या चयापचयात आहे. आहार, कार्निटिन आणि संकटातील तातडी यांनी ते मूळच आटोक्यात ठेवणे, हाच सध्याचा सर्वांत खात्रीचा ऑक्सिडेशनविरोधी उपचार आहे. अल्कलाइन पाणी किंवा खाण्याचा सोडा यांनी तर यातले काहीच साधत नाही.

आई शाकाहारी असेल तर बाळात मिथाइलमॅलोनिक आम्ल वाढू शकते का?

होय, आणि जनुकीय विकारापेक्षा ही शक्यता आपल्याकडे अधिक वेळा विचारात घ्यावी लागते. बी-१२ प्रामुख्याने प्राणिजन्य अन्नातून मिळते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासांतून तेथील लोकांत, गर्भवतींतही, बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर असल्याचे पुढे आले आहे. आईच्या शरीरात बी-१२ नसेल, तर केवळ तिच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाच्या शरीरातही ते येत नाही. असे बाळ साधारण सहा महिन्यांनंतर फिकट दिसते, त्याची त्वचा विशेषतः बोटांच्या पेरांवर काळवंडते, शिकलेल्या हालचाली विसरते, हातपाय थरथरतात आणि काहींना झटकेही येतात. विकर निरोगी, पण जोडीदार गैरहजर, म्हणून रक्तातील मिथाइलमॅलोनिक आम्लही वाढलेले असते. उपचार स्वस्त आहे : बी-१२ ची इंजेक्शने. वेळेत दिली तर बाळात काही दिवसांत चैतन्य दिसू लागते. उशीर झाला तर बौद्धिक वाढीत उणीव राहून जाण्याचा धोका असतो. म्हणून आकडी आलेल्या फिकट, मंदावलेल्या बाळाची आणि त्याच्या आईचीही बी-१२ पातळी तपासलीच पाहिजे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

रोजच्या आहाराचे काय?

प्रथिने पूर्ण बंद करायची नसतात, कारण वाढीसाठी ती लागतातच. ती आहारतज्ज्ञ ग्रॅममध्ये मोजून देतात आणि उरलेली गरज अडचणीची अमिनो आम्ले वगळलेल्या खास पावडरीतून भागवतात. साबुदाणा, साखर, तूप, फळे यांतून उष्मांक भरता येतात. डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे यांवर मर्यादा येते. साबुदाण्याच्या खिचडीतले दाण्याचे कूट या हिशेबात हमखास विसरले जाते. उपवास आणि रात्रीची दीर्घ उपासमार टाळावी. ताप, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले की ठरवून दिलेला आजारपणाचा आहार त्याच तासाला सुरू करावा, आणि मूल तो पोटात ठेवत नसेल तर सलाईनसाठी निघावे.

जन्मतःच तपासणी करून हे टाळता येते का? सरकारी मदत मिळते का?

टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून यांतील अनेक विकार लक्षणांआधीच ओळखता येतात. जर्मनीतील अनुभव असा आहे की अशा तपासणीत सापडलेली आणि शिस्तीने उपचार मिळालेली ग्लुटारिक ॲसिड्युरियाची बहुतेक मुले स्ट्रायटमच्या इजेपासून वाचतात. गोव्याने २००८ मध्ये राज्य पातळीवर नवजात तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता. देशभर सर्व बाळांसाठी अशी सक्तीची तपासणी मात्र नाही, त्यामुळे पालकांनी प्रसूतीआधीच आपल्या रुग्णालयात तिची चौकशी करावी. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण, २०२१ मध्ये खास आहारावर अवलंबून असलेल्या विकारांत मिथाइलमॅलोनिक, प्रोपिओनिक आणि ग्लुटारिक आम्लांच्या विकारांचा समावेश आहे. या धोरणाखालील अर्थसाहाय्य ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे.

पुढच्या मुलालाही हा विकार होईल का?

आई आणि वडील दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि दोघेही पूर्ण निरोगी असतात. प्रत्येक गर्भारपणात विकाराची शक्यता २५ टक्के असते, मग आधीचे मूल कसेही असो. मामाच्या मुलीशी किंवा मामा-भाचीत लग्न झालेले असेल, तर दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. ही माहिती समुपदेशकाला मोकळेपणाने सांगावी, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. कुटुंबातील जनुकीय बदल आधीच निश्चित झालेला असेल, तर गर्भारपणाच्या ११ ते १४ आठवड्यांत वारेच्या नमुन्यावरून किंवा १६ व्या आठवड्यानंतर गर्भजलावरून निदान करता येते. म्हणूनच आजारी बाळ दगावण्याच्या स्थितीत असले तरी त्याच्या रक्ताचा नमुना डीएनएसाठी जतन करून ठेवण्याची विनंती डॉक्टरांना करावी. नंतर तो मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.